जंत, पाला आणि शेळी

धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात जंतांचं औषध तीन वाटांनी येतं. जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. २०१५ पासून हा कार्यक्रम देशभर चालू आहे आणि एक ते एकोणीस वर्षांची मुलं त्यात येतात. दुसरी वाट गोठ्याची. पावसाळा लागला की शेळ्यांना औषध पाजायची घाई होते, आणि ते सरकारी दवाखान्यातून किंवा दुकानातून बाटलीत येतं. तिसरी वाट बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून जाते. तिथे वावडिंग, डिकेमाली, किरमाणी ओवा, इंद्रजव, पळसबी यांच्या पुड्या बांधून मिळतात. घेणारी बहुधा घरातली आजी असते.

पहिल्या दोन वाटांवरची औषधं कारखान्यात बनतात, तिसरीवरची झाडावेलींवरून उतरतात. या तिसऱ्या वाटेबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, सगळं काही आपल्या ग्रंथांत होतंच. दुसरा म्हणतो, हा सगळा आजीबाईच्या बटव्यातला भाबडेपणा आहे. दोघांनाही पुरावा चाळायचा कंटाळा असतो. पुरावा चाळला तर दिसतं ते असं: जंत मारणारी रसायनं झाडांमध्ये मुबलक आहेत, त्यांतून औषध मात्र क्वचितच झालं. का क्वचित, आणि आपल्या भागात पुढची खरी शक्यता कुठे आहे, हे पाहण्यासाठी हा आढावा.

सुरुवात यशापासून करू. हिवतापाचा परजीवी हा जंत नाही, एकपेशी जीव आहे. पण वनस्पतींतून आलेल्या औषधांची सर्वांत मोठी दोन यशं त्याच्याच विरोधात मिळाली. सिंकोनाच्या सालीतून पेल्तिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये पॅरिसमध्ये क्विनीन वेगळं केलं. पुढे इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाची लागवड केली आणि क्विनीनच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतून विकल्या. उमरग्याहून महामार्गाने पूर्वेला सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास गेलं की हैदराबाद येतं. तिथे सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. म्हणजे रोग कसा पसरतो हे कळण्याआधी सत्त्याहत्तर वर्षं त्याचं औषध शुद्ध रूपात हाताशी होतं. झाडांवरच्या औषधांचा इतिहास असाच चालतो. आधी गुण दिसतो, कारण नंतर कळतं.

दुसरं यश चीनचं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात १९६७ मध्ये तिथे हिवतापावर औषध शोधण्याचा गुप्त प्रकल्प सुरू झाला. तू यूयू यांच्या गटाने जुने ग्रंथ आणि शेकडो वनस्पतींचे अर्क तपासले. आर्टेमिसिया अ‍ॅनुआ या दवण्याच्या जातभाईचा अर्क कधी गुण द्यायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पुस्तिकेत ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा, असं लिहिलेलं होतं. उकळायला सांगितलेलं नव्हतं. उष्णतेने गुण जात असावा हे त्यावरून तू यूयू यांच्या लक्षात आलं. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला, आणि १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले परजीवी पूर्ण मारले. आर्टेमिसिनिनच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो. हिवतापाचा परजीवी रक्तातलं हिमोग्लोबिन खातो, त्यातून लोह मोकळं होतं, आणि ते लोहच हा पूल तोडून परजीवीच्या आत नासधूस करणारे कण तयार करतं. परजीवी आपल्याच जेवणाने मरतो. २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल मिळालं.

या गोष्टीत एक भारतीय उपकथा आहे. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने आर्टेमिसिनिनपासून आर्टीथर बनवलं आणि १९९७ मध्ये ते थेमिस या कंपनीमार्फत इंजेक्शन म्हणून बाजारात आलं. मुंबईची इप्का ही या कुळातल्या औषधांची मोठी उत्पादक. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. जागतिक आरोग्य संघटना आर्टेमिसियाचा चहा किंवा वाळलेला पाला हिवतापावर घेऊ नका, असंच सांगते. चहात औषध किती उतरलं याचा भरवसा नसतो, आणि अपुरी मात्रा परजीवीला सवय लावते. ज्या झाडाने नोबेल मिळवून दिलं, त्याच्याच काढ्याला शास्त्राचा विरोध आहे. आपल्याकडे हा मुद्दा फार थोड्यांच्या पचनी पडतो.

आता खऱ्या जंतांकडे. काष्ठौषधींच्या दुकानातला किरमाणी ओवा हा नावाने ओवा असला तरी कुळाने आर्टेमिसियाच. त्यातलं सँटोनिन १८३० मध्ये वेगळं झालं आणि पुढची शंभरहून अधिक वर्षं ते गोलकृमींवरचं जगभरातलं मुख्य औषध होतं. काश्मीर आणि कुर्रमच्या खोऱ्यातून त्याचा कच्चा माल जायचा. गुण होता, पण मात्रा जरा वाढली की रोग्याला सगळं जग पिवळं दिसायचं, आणि लहान मुलाला झटके येण्यापर्यंत मजल जायची. आपल्या फोडणीच्या डब्याशेजारचा खरा ओवा तर याहून मोठं काम करून गेला. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रॉकफेलर आयोगाने अंकुशकृमींविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा औषध होतं थायमॉल आणि सोबत जुलाबाचं मीठ. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातला ओवा जहाजांनी जर्मनीला जायचा आणि तिथे त्यातून थायमॉल निघायचं. पण थायमॉल घेतल्यावर तेलकट खायचं नाही आणि दारूला शिवायचं नाही, असा दंडक होता. नाहीतर ते आतड्यातून रक्तात जाऊन माणसालाच धक्का द्यायचं.

ही औषधं मागे का पडली, हे इथेच कळतं. आतड्यातल्या जंताला मारायचं आणि आतड्याच्या मालकाला सांभाळायचं, यातलं अंतर फार थोडं होतं. १९५० च्या दशकात पायपरेझिन आलं, सत्तरच्या दशकात मेबेंडाझोल आणि अल्बेंडाझोल आलं. अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. तसंच प्रथिन आपल्यातही आहे, पण जंताच्या प्रथिनाशी त्याची सलगी कितीतरी जास्त. शिवाय ते रक्तात फारसं शोषलं जात नाही. स्वस्त, एकच गोळी, त्रास नगण्य. सँटोनिनची आठवण काढायचं कुणाला कारणच उरलं नाही.

तरी वावडिंग टिकून आहे. चरकाने कृमिघ्न द्रव्यांत वावडिंगाला अग्रस्थान दिलं आणि ते अजून ढळलेलं नाही. तान्ह्या बाळाला वावडिंगाचं पाणी उकळून पाजायची रीत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वावडिंगाच्या फळातलं मुख्य रसायन एम्बेलिन, केशरी रंगाचं. त्याचा कृमींवर परिणाम होतो, हे प्रयोगांतून पुनःपुन्हा दिसलं आहे. पण एम्बेलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे बाळाच्या वाटीत जे उतरतं ते उकळलेलं स्वच्छ पाणी आणि थोडा वास. कदाचित त्या पाण्याचा खरा गुण उकळण्यातच असेल. वैद्यांनी मोठ्या माणसाला वावडिंगाचं चूर्ण दिलं, पाणी नाही; त्यामागे अनुभव असणार. चूर्णाचा प्रश्न वेगळा आहे. नर उंदरांवरच्या प्रयोगांत एम्बेलिनने शुक्रजननावर परिणाम केल्याचं आढळलं आहे, त्यामुळे महिनोन्‌महिने खाण्याची ही वस्तू नव्हे. आणि बाजारातलं वावडिंग हे वावडिंगच असेल, याचीही खात्री नाही. पश्चिम घाटातली ही वेल ओरबाडून ओरबाडून दुर्मीळ झाली आहे, आणि त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची फळं सर्रास त्या नावाने विकली जातात.

पळसाची गोष्ट मला या सगळ्यांत जास्त बोलकी वाटते. मराठवाड्यात पळस कुठे नाही? शिमग्याच्या सुमाराला माळ पेटल्यासारखे दिसतात. त्याच्या चपट्या शेंगेत एकच बी असते, तिला पळसपापडी म्हणतात, आणि जंतांवर ती ताकातून द्यायची जुनी रीत आहे. १९६० च्या दशकात त्या बीमधून पॅलासोनिन हे रसायन वेगळं झालं. पळसाचं नाव त्याला तिथूनच मिळालं. रचना उलगडली तेव्हा संशोधक चमकले असतील, कारण हे कँथॅरिडिनचं सख्खं भावंड निघालं. कँथॅरिडिन म्हणजे अंगावर फोड आणणाऱ्या भुंग्यांच्या शरीरातलं जहाल विष, मूत्रपिंडांचा काळ. पळसबी जंतांवर काम करते ती याच कुळाच्या जोरावर. दोन कुळांतले जीव, एक झाड आणि एक किडा, स्वसंरक्षणासाठी जवळजवळ एकाच रेणूपाशी पोचले. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ या समजुतीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. झाडांनी ही रसायनं आपल्यासाठी बनवलेली नाहीत. कुणीतरी आपल्याला खाऊ नये म्हणून बनवली आहेत, आणि खाणाऱ्यांच्या यादीत आपणही आहोत.

सीताफळाचंही तेच. बालाघाटच्या डोंगररांगा धाराशिव जिल्ह्यातून जातात आणि या रांगांवरचं सीताफळ प्रसिद्ध आहे. बियांची पूड उवांवर लावायची, हा घरगुती उपाय सगळ्यांना ठाऊक. उवा मरतात, यात शंका नाही. बियांमधली अ‍ॅसिटोजेनिन नावाची रसायनं पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेचा पहिलाच टप्पा बंद पाडतात. पण हीच पूड डोळ्यात गेली की बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी असे रुग्ण अनेकदा नोंदवले आहेत. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर या कुळातली फळं आणि पानांचा काढा फार घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा आजार दिसला, त्याचा संबंधही या रसायनांशी जोडला गेला. गर खावा, बी थुंकावी. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या तर दुकानातलं औषध आणि फणी बरी.

कुड्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण त्यात मुंबईचा वाटा आहे. कुड्याच्या सालीतलं कोनेसीन १८५८ मध्ये हेन्स यांनी मुंबईत प्रथम वेगळं केलं. आमांशावर कुडा पाळ, कुटजारिष्ट, इंद्रजव देण्याची परंपरा तर फारच जुनी. कलकत्त्यात रामनाथ चोप्रांनी अमीबाच्या आमांशावर कुड्याच्या अल्कलॉइडांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्याच शहरात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये इपेकाकच्या मुळातलं एमेटिन इंजेक्शनने देऊन अमीबाच्या आमांशात मोठं यश मिळवलं होतं. एमेटिन हृदयाला घातक, कोनेसीन मेंदूला त्रासदायक. मेट्रोनिडाझोल आलं आणि दोघंही बाजूला झाली.

इतकं सगळं असताना दरवर्षी भारतातून ‘अमुक वनस्पतीच्या अर्काची कृमिनाशक क्षमता’ या धर्तीचे शोधनिबंध ढिगाने निघतात. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत हा प्रयोग फार लोकप्रिय आहे. पाल्याचा अर्क काढायचा, काचेच्या बशीत गांडुळं सोडायची, त्यांना लुळं पडायला किती मिनिटं लागतात आणि मरायला किती, हे मोजायचं, शेजारी अल्बेंडाझोल किंवा पायपरेझिन ठेवून तुलना करायची. अर्क जिंकतो. कारण गांडूळ हा जंत नाही. त्याची कातडी ओली आणि पातळ, तो त्वचेनेच श्वास घेतो. आतड्यातल्या गोलकृमीचं आवरण चिवट, पाचक रसांना दाद न देणारं. साबणाच्या पाण्यातही गांडूळ मरतं. आणि अल्बेंडाझोलचं काम मिनिटांत दिसत नाही, ते जंताला कित्येक तास, दिवस उपाशी ठेवून मारतं. त्यामुळे घड्याळ लावलेल्या शर्यतीत ते हरणारच. या निबंधांतून पदव्या मिळतात, औषध मिळत नाही. कडक शब्द आहे, पण मला तो मागे घ्यावासा वाटत नाही. स्वस्त आणि सोपी पद्धत म्हणून विद्यार्थ्यांना शिकवायला हरकत नाही. निष्कर्ष म्हणून छापायला आहे.

माणसांवरचे प्रयोग कमी, पण त्यांतून जास्त शिकायला मिळतं. आयुष-६४ चं उदाहरण घ्या. सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा यांपासून बनलेलं हे हिवतापावरचं औषध केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने तयार केलं. ज्या सागरगोट्यांनी मुली खेळतात, तोच सागरगोटा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत व्हायवॅक्स हिवतापाच्या रुग्णांना एकीकडे आयुष-६४ आणि दुसरीकडे क्लोरोक्वीन दिलं. क्लोरोक्वीनवाले सगळे बरे झाले, आयुष-६४ वाल्यांपैकी जवळपास निम्मे. एका बाजूने पाहिलं तर हे अपयश आहे. दुसऱ्या बाजूने, चार वनस्पतींच्या मिश्रणाने निम्म्या रुग्णांचे परजीवी गेले, यात काहीतरी शोधण्यासारखं आहे. पण त्यासाठी कोणत्या रेणूने काम केलं हे शोधावं लागतं, आणि त्या कामात नाव कमी, घाम जास्त.

मुंबईत वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयातलं काम या दृष्टीने उल्लेखनीय आहे. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारिजातकाच्या पानांचा हिवतापावर अभ्यास केला. ताज्या पानांची चटणी दिलेल्या १२० रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण आठवडाभरात बरे झाल्याचं २००८ च्या निबंधात नोंदवलं आहे. पुढे त्यांनी लहान गटात रक्तातल्या दाहाच्या खुणाही मोजल्या. इथे तुलनेचा गट नव्हता, आणि व्हायवॅक्स हिवताप काही जणांत तात्पुरता आपोआपही दबतो, त्यामुळे या आकड्याला मर्यादा आहे. पण या लोकांनी रक्ताच्या काचा तपासल्या, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या केल्या आणि जे बरे झाले नाहीत त्यांना नेहमीचं औषध दिलं. रुग्णापासून सुरुवात करून मागे प्रयोगशाळेकडे जायची ही पद्धत वैद्य ‘उलटं औषधशास्त्र’ या अर्थाच्या नावाने मांडत आले. भारतासारख्या देशात हीच पद्धत शहाणपणाची आहे, कारण इथे माणसं या वनस्पती आधीच खात आहेत.

पपईचा मार्ग मला सर्वांत आशादायक वाटतो. नायजेरियात साठ मुलांवर झालेल्या छोट्या चाचणीत वाळलेल्या पपईच्या बियांची पूड मधातून दिलेल्या मुलांपैकी ७६.७ टक्क्यांचं शौच परजीवीमुक्त झालं. नुसता मध दिलेल्यांत हे प्रमाण १६.७ टक्के होतं. त्याहून महत्त्वाचा पपईचा चीक. त्यातली पपेनसारखी प्रथिनपाचक विकरं जंताचं आवरण बाहेरूनच पचवून टाकतात. हा मार्ग आजच्या कोणत्याही जंतनाशकाचा नाही. म्हणून अल्बेंडाझोलला न जुमानणाऱ्या जंतांवरही तो चालण्याची शक्यता आहे.

आणि ‘न जुमानणारे जंत’ म्हटलं की विषय आपसूक शेळीकडे येतो.

उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्याची खरी ओळख. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळीचं मात्र उस्मानाबादीच राहिलं. बहुतेक काळ्या रंगाची, उन्हातान्हात तग धरणारी, जुळी करडं देणारी. भूमिहीन मजूर, विधवा बाई, दोन एकर कोरडवाहूचा शेतकरी यांचा अडीनडीचा पैसा तिच्यात असतो. आणि तिचा सर्वांत मोठा शत्रू हिमोंकस, म्हणजे पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त पिणारा केसाएवढा बारीक जंत. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. पावसाळ्यात गवतावर त्याच्या अळ्या चढतात, आणि भाद्रपदापर्यंत शेळीच्या पापणीची आतली बाजू पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरतं, एके सकाळी करडू उठत नाही.

यावर बाटली आहे, पण ती कमी पडू लागली आहे. जगभर हिमोंकसने अल्बेंडाझोलच्या कुळाला हरवलं आहे. ट्युब्युलिनमध्ये दोनशेव्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की औषध चिकटायचं थांबतं, बस. भारतातल्या शेळ्या-मेंढ्यांतही असे जंत सापडले आहेत. यात आपला हातभार मोठा. शेळीचं यकृत हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं, म्हणून तिला मेंढीपेक्षा दीडपट ते दुप्पट मात्रा लागते. आपण मेंढीची मात्रा पाजतो, तीही अंदाजाने, वजन न करता, आणि दरवेळी तीच बाटली. जो जंत अपुऱ्या मात्रेतून वाचतो, त्याचीच पिल्लावळ पुढच्या वर्षी माळावर असते.

शेळीचं यकृत असं चलाख का, याचं कारण तिच्या खाण्यात आहे. मेंढी गवत खाते, शेळी पाला ओरबाडते: बाभूळ, बोर, हिवर, लिंब. पाल्यात विषारी रसायनं भरपूर, म्हणून ती निकामी करण्याची ताकद शेळीच्या अंगात आली. दुसरीकडे, जमिनीपासून उंचावरचा पाला खाताना जंताच्या अळ्या पोटात जात नाहीत, म्हणून जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती तिच्यात मेंढीइतकी घडली नाही. शेळीला माळावर गवतात बांधून चारलं की दोन्हीकडून तोटा. चाऱ्यासाठी झाडं राखणं हाच एक जंतनाशक उपाय आहे, आणि त्याला औषध कंपनीची गरज नाही.

पाल्यात आणखी एक गोष्ट असते, टॅनिन. बाभळीच्या शेंगा चघळल्यावर जीभ आखडते ती टॅनिनमुळे. हे रसायन जंताच्या आवरणातल्या प्रथिनांना चिकटतं, अळ्यांना पोटाच्या पडद्यात शिरताना अडवतं, आणि शिवाय चाऱ्यातलं प्रथिन पुढच्या आतड्यापर्यंत पोचवून जनावराची ताकद वाढवतं. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत पेरूचा पाला आणि वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडाचा पाला यांची पूड मिसळून हिमोंकस झालेल्या शेळ्या-मेंढ्यांना चारण्यावर बरंच काम झालं आहे. विष्ठेतली जंतांची अंडी घटल्याचं त्यांत दिसलं. अमेरिकेत लेस्पेडेझा नावाच्या टॅनिनयुक्त चाऱ्याच्या गोळ्या शेळीपालक आता नेहमी वापरतात. हा उपाय जंत मारून टाकत नाही, त्यांची संख्या दाबून ठेवतो. गोठ्यात तेवढं पुरतं. फक्त टॅनिन फार झालं की जनावर चारा सोडतं, आणि सुबाभळीत टॅनिनबरोबर मिमोसिन हे विषही असतं. म्हणून मात्रा ठरवायला कुणीतरी मोजमाप करायलाच हवं.

तिसरा मार्ग वनस्पतींच्या बाहेरचा, पण इथेच सांगायला हवा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी दख्खनी मेंढ्यांचा बंगालच्या गारोल जातीशी संकर करून वाढीबरोबर जंतप्रतिकारही मोजला. गारोलचं रक्त असलेली कोकरं जंतांना जास्त दाद देत नाहीत, असं दिसलं. औषधाऐवजी जनावरच निवडायचं. वनस्पतींच्या उत्साहात हा पर्याय विसरला जातो.

इथे एक ऐतिहासिक गोष्ट नोंदवायला हवी, कारण माझं म्हणणं तिच्यावर उभं आहे. माणसांवरची आजची बिनीची जंतनाशकं गोठ्यातून आली. अल्बेंडाझोल १९७० च्या दशकात आधी जनावरांसाठी बाजारात आलं, मग माणसांसाठी. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून आलेलं आयव्हरमेक्टिनही आधी गुरा-मेंढ्यांचं औषध होतं. ज्या विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना त्यासाठी नोबेल मिळालं, ते तू यूयूंबरोबरच २०१५ मध्ये. कारण सरळ आहे. शेळीत जंत खरा असतो, पोट खरं असतं, रक्त मोजता येतं, विष्ठेतली अंडी आधी आणि नंतर मोजता येतात, आणि चाचणी फसली तर कुणाच्या घरचं मूल दगावत नाही.

माणसांच्या बाबतीत तर औषधाशिवायही मोठी लढाई जिंकता येते, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. नारू ज्यांनी पाहिला ती पिढी अजून हयात आहे. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरून पाणी भरायचं, त्यात रोग्याचे पाय बुडायचे, पायातला जंत पाण्यात अळ्या सोडायचा, पाण्यातले सूक्ष्म पिसू त्या अळ्या गिळायचे आणि पाण्यावाटे पुढच्या माणसात जायचे. नारूवर नाना पाले बांधले गेले. एकाचाही उपयोग झाल्याचं सिद्ध झालं नाही. आधुनिक वैद्यकाकडेही औषध नव्हतं, लसही नव्हती. पाणी फडक्यातून गाळलं, बारवांचे उतार बंद केले, हातपंप बसवले, पाण्यात पिसूनाशक टाकलं. महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. गंमत म्हणजे चरकाने कृमींवर तीन उपाय सांगितले आहेत: कृमी बाहेर काढणं, त्यांना प्रतिकूल स्थिती निर्माण करणं आणि कारण टाळणं. चरकाचं नाव घेऊन पुड्या विकणारे पहिल्या दोनवर थांबतात. तिसरं फुकट आहे, म्हणून त्याचं दुकान नसतं.

हत्तीरोगाचा अपवाद मात्र मान्य करायला हवा. सोलापूर, लातूर, धाराशिव हे जिल्हे हत्तीरोगप्रवण मानले जातात. हत्तीरोगावर वर्षातून एकदा दिली जाणारी डीईसीची गोळी ही येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाची १९४० च्या दशकातली देणगी. ती हत्तीरोगाच्या जंताच्या रक्तातल्या पिल्लांना चांगली मारते, लसिकावाहिन्यांतल्या प्रौढ जंतांना तितकी नाही. नवा रेणू हवा असेल तर तो इथे हवा, आणि झाडांकडे पाहायला इथे हरकत नाही.

उरला तो आपल्या परिसरातल्या शक्यतेचा प्रश्न. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पट्टकृमींच्या वर्गीकरणाची परंपरा उभी केली. शेळ्या-मेंढ्यांच्या, कोंबड्यांच्या, माशांच्या आतड्यांतून जंत काढून ओळखणारी माणसं मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत आजही आहेत. शेजारच्याच खोलीत रसायनशास्त्राचा किंवा वनस्पतिशास्त्राचा विभाग पाल्यांचे अर्क काढत असतो. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. उस्मानाबादी शेळी दारात आहे. या चौघांची एकमेकांशी भेट होत नाही, हीच काय ती अडचण.

म्हणून उमरगा, मुरूम, नळदुर्ग, लोहारा भागातल्या विज्ञान महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना एक विनंती. पुढच्या विद्यार्थ्याला गांडुळांची बशी देऊ नका. पावसाळ्यानंतर दहा-वीस घरांतल्या शेळ्यांच्या लेंड्या गोळा करायला लावा, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायला शिकवा, पापणीचा रंग टिपायला लावा. मग उदगीरच्या पशुवैद्यांना सोबत घेऊन काही शेळ्यांना बाभळीच्या शेंगा किंवा पेरूचा पाला ठरलेल्या मात्रेत द्या, काहींना बाटली, काहींना काहीच नाही, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. पाल्याने काही झालं नाही, असं दिसलं तर तेही छापा. आणि आजीबाईंना सांगा: पळसबी आणि सीताफळाची बी नातवंडाला देऊ नका, शाळेतली गोळी चुकवू नका.